साडेआठची मुलगी

एकोणतीस वर्षं इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर बसलेल्या बाईला लोक हॅलोबाई म्हणणार नाहीत तर काय म्हणतील? पाळण्यातलं नाव शेवटी शेवटी फक्त पगारपत्रकावर आणि नवऱ्याच्या तोंडी उरलं होतं. मग नवरा गेला, नोकरीही संपली, आणि हॅलोबाई तेवढ्या राहिल्या.

बोर्डाची खोली जिन्याखाली होती. खिडकी नाही. समोर दिव्यांच्या दोन ओळी, कानाला हेडफोन, आणि एक खुर्ची, जिचा एक पाय कायम लंगडा. या खोलीतून हॅलोबाईंनी इस्पितळ कधी पाहिलंच नाही, ऐकलं मात्र सगळं. भाजलेला माणूस त्यांच्या नजरेला कधी पडला नाही, पण त्याच्या बायकोची किंकाळी सगळ्यात आधी त्यांच्याच कानात शिरायची. माणसं त्यांना नंबरानं ओळखीची. तेवीस म्हणजे मुलांचा वॉर्ड, सात म्हणजे अपघात विभाग, एकतीस म्हणजे शवागार. निवृत्तीच्या दिवशी एक पिकल्या केसांचे डॉक्टर हात जोडून भेटायला आले, तर या म्हणाल्या, "अगबाई, तेवीस म्हणजे तुम्ही होय!"

इतकी वर्षं दुसऱ्यांची संकटं कानावाटे आत उतरली की ती आत कुठंतरी साठणारच. हॅलोबाईंना सगळ्याची भीती वाटायची. झोपण्याआधी गॅसचं बटण तीनदा बघायचं. ओल्या हातानं दिव्याचं बटण लावणाऱ्यावर ओरडायचं. लेक लहान असताना ती दोन मिनिटं उशिरा आली तरी यांच्या डोळ्यांपुढे सात नंबरचा दिवा लुकलुकायला लागायचा. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, त्यातला प्रकार. नवरा थट्टेनं म्हणायचा, "आपल्या घरी संकट यायलाच घाबरतं. आलं तरी तू त्याला ओळख विचारशील." आणि हाच नवरा एका सकाळी, सगळ्या संकटांवर पहारा ठेवून असलेल्या बाईच्या शेजारी, झोपेतच गेला. हूं की चूं नाही.

त्यानंतर चार वर्षांनी त्या जिन्यावरून पडल्या. तिसऱ्या मजल्यावरून उतरताना दुसऱ्या वळणावर पाय सटकला, मनगट मोडलं, आणि पाऊण तास तिथंच पडून राहिल्या, कारण दुसऱ्या मजल्यावरचे नवराबायको दोघंही नोकरीला आणि पहिला मजला कुलूपबंद. एकोणतीस वर्षं दुसऱ्यांचे फोन जोडणारी बाई "कोणी आहे का?" म्हणत राहिली, आणि उत्तर आलं नाही. त्या दिवसापासून जिना संपला. चौदा महिने त्या खाली उतरल्या नव्हत्या. खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली सोडायची. किराणा त्यातून वर यायचा, इस्त्रीचे कपडेही. इस्त्रीवाला मागच्या गल्लीतून आठवड्याला एकदा यायचा आणि खालून हाळी द्यायचा, "काकू, टोपली!"

ही सगळी हकिगत दूरगावी राहणाऱ्या लेकीला ठाऊक होती. म्हणूनच त्या हिवाळ्यात तिनं आईला न विचारता एक उद्योग केला.

आदल्या वर्षीच्या थंडीत हॅलोबाईंच्या वस्तीत दोन म्हातारी माणसं आपापल्या घरात मेलेली सापडली होती. दार फोडावं लागलं, तेही चार-पाच दिवसांनी. तेव्हापासून तिथल्या कॉलेजनं ठरवलं की थंडीचे अडीच महिने मुलांनी रोज सकाळी एकट्या म्हाताऱ्यांच्या दारावर थाप द्यायची. जेवण, औषध, ऊब, आणि काही हवंय का, एवढे चार प्रश्न विचारायचे, वहीत खूण करायची आणि पुढच्या घरी जायचं. लेकीनं त्या यादीत आईचं नाव घातलं.

"मी काय मेलेय का, रोज बघायला यायला?" हॅलोबाई फोनवर कडाडल्या.

"आई, मेल्यावर कशाला येतील? नाहीस ना मेलेली, हेच बघायला येणार," लेक म्हणाली. लेक बापावर गेली होती.

पहिल्या दिवशी बरोबर साडेआठला दारावर थाप पडली. हॅलोबाईंनी साखळी तशीच ठेवून बोटभर फट उघडली. फटीत कानांवर ओढलेली लोकरीची टोपी, लालबुंद नाक आणि एक वही दिसली. मागे जिन्यात दुसरी एक मुलगी, तिची जोडीदारीण, हातांवर फुंकर घालत उभी होती.

"आजी, आम्ही कॉलेजमधून."

"मी तुझी आजी नाही."

"बरं. काकू?"

"ओळखपत्र?"

मुलीनं ते फटीतून आत सरकवलं. हॅलोबाईंनी चष्मा लावून फोटो बघितला, मग चेहरा, मग पुन्हा फोटो. "फोटोत केस लांब आहेत."

"कापले हो काकू. तुम्ही आधी सांगितलं असतं तर नसते कापले."

हसू दाबायला हॅलोबाईंना दार लावावं लागलं. ओळखपत्र आतच राहिलं, म्हणून ते पुन्हा उघडावंही लागलं.

दहाव्या दिवशी साखळी निघाली. पंधराव्या दिवशी चहा झाला. हॅलोबाईंनी जुन्या सवयीनं मुलीला नंबर देऊन टाकला होता. लेकीचा फोन आला की सांगायच्या, "साडेआठ येऊन गेली. आज शिंकत होती." मुलगी दुसऱ्या वर्षाला इतिहास शिकत होती. भरभर बोलायची आणि कशालाच घाबरायची नाही, हे बघून हॅलोबाईंना तिच्या वाटचं घाबरावं लागायचं.

"खरं सांगू काकू? साठ तास सेवा भरली की दहा गुण मिळतात. म्हणून नाव दिलं मी," महिना-सव्वा महिन्यानं एका सकाळी चहात बिस्कीट बुडवत ती म्हणाली.

"मग साठ झाले की येणं बंद?"

"साठ परवाच झाले," असं म्हणून मुलीनं बिस्कीट तोंडात टाकलं.

त्याच दिवशी बाइंडरची गोष्ट निघाली. मुलीची फेरी ठरलेली होती. आठला बाइंडरकाका, साडेआठला हॅलोबाई, नऊला दोघी बहिणी, मग कॉलेज. बाइंडरकाका मागच्या गल्लीत, इस्त्रीवाल्याच्या शेजारच्या खोलीत एकटे राहायचे. चाळीस वर्षं पुस्तकं बांधली. आता कोणी बांधून घेत नाही, पण हात स्वस्थ बसत नाहीत. मुलीला उघडता यावं म्हणून ते कडी न लावता दार नुसतं लोटून ठेवायचे, आणि ते सोडलं की आपलं आपण मिटायचं.

"काय कलाकार माणूस आहे, सांगते!" मुलगी डोळे मोठे करून म्हणाली. "थंडी येते म्हणून त्यांनी खिडक्यांच्या फटींवर कापडाच्या पट्ट्या चिकटवल्यात. स्वतः खळ शिजवून. कोपरे असे दुमडलेत की वाटावं खिडकीलाच पुठ्ठा बांधलाय. वाऱ्याची झुळूकसुद्धा आत येत नाही."

हॅलोबाईंनी बशी खाली ठेवली. "आणि ऊब? ऊब कशाची करतात?"

"विजेची शेगडी होती, ती बिघडली. आता कोळशाची आहे. पण ती बाहेर ओट्यावर असते हां. मी विचारलंय."

"आत आणत नाहीत कशावरून?"

"काकू, तुम्ही पण ना! मी रोज बघते ती बाहेरच असते."

"तू रोज सकाळी बघतेस. थंडी काय फक्त सकाळी असते?"

मुलगी हसली, हे काम बघणाऱ्या कॉलेजच्या सरांना सांगते म्हणाली, आणि दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरून गेली. तिनं सरांना सांगितलंही. सरांनी वहीत लिहून घेतलं की त्या घरी नवी विजेची शेगडी लागेल.

हॅलोबाई मात्र त्या दिवशी जेवल्या नाहीत. त्यांना एक आवाज ऐकू येत होता, जो त्यांनी कोणालाही, नवऱ्यालासुद्धा, कधी सांगितला नव्हता.

त्या गोष्टीला बावीस वर्षं झाली होती. हिवाळ्याचेच दिवस, सकाळची पाळी. बोर्डावर एक दिवा लागला आणि पलीकडून एक बाई बोलायला लागली. शब्द एकमेकांवर सांडत होते. "डोकं जड झालंय हो... सगळेच झोपलेत... मलापण झोप येतेय." हॅलोबाईंना वाटलं, प्यायलेली दिसते. त्याच वेळी आणखी तीन दिवे लुकलुकायला लागले. त्या "थांबा हं" म्हणाल्या आणि तिन्ही फोन जोडून देऊन परत आल्या. लाइन चालू होती, पण पलीकडे कोणी बोलत नव्हतं. दोन-तीनदा हॅलो हॅलो करून त्यांनी फोन तोडला. दुपारी सात नंबरवरून एकतीस नंबरला फोन गेला आणि तो त्यांनीच जोडून दिला. एका खोलीतून चार जण आणलेत, असं सात नंबरचा माणूस म्हणाला. दारं-खिडक्या बंद, कोळशाची शेगडी. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो, माणूस नुसता पेंगतो. फोन कुणी केला होता, कुणी घेतला होता, हे कोणीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आता रोज सकाळी मुलगी आली की त्या पहिला प्रश्न टाकायच्या, "शेगडी?" आणि ती उत्तर द्यायची, "बाहेर." मग कुठं चहाचं आधण चढायचं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात थंडीनं कहर केला. त्या सकाळी हॅलोबाई उठल्या तेव्हा खिडकीबाहेर जगच नव्हतं. समोरची इमारत, रस्ता, दिव्याचा खांब, सगळं धुक्यानं गिळलं होतं. आठ वाजता त्यांनी दूध तापवलं. सव्वाआठला कप काढले. साडेआठ वाजले, थाप पडली नाही.

आठ पस्तीस. धुकं आहे, पाय जपून टाकत असेल. आठ चाळीस. झोपून राहिली असेल, वयच आहे झोपेचं. आठ पंचेचाळीसला हॅलोबाई दाराशी जाऊन कान लावून उभ्या राहिल्या. जिन्यात कुठंतरी पाणी ठिबकत होतं.

त्यांनी सरांना फोन लावला. सर वर्गात जायच्या घाईत होते. "अहो, तिच्या जोडीदारणीला ताप आहे. एकटीनं जाऊ नकोस असं काल सांगितलंय तिला. आली नसेल आज. मी बघतो, तुम्ही घाबरू नका."

घाबरू नका! हॅलोबाईंना माहीत होतं की ही मुलगी ऐकणाऱ्यातली नाही. एकटीला नको म्हटलं की ती एकटी जाणारच.

घरातल्या जुन्या फोनवरून त्यांनी मुलीचा नंबर फिरवला. वाजत राहिला आणि बंद पडला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कोणीतरी उचलला.

"हॅलो? अगं कुठं आहेस? हॅलो!"

पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग आवाज आला. तो साडेआठचाच होता, पण शब्द एकमेकांवर सांडत होते.

"काकू... येते हं... जरा बसलेय... बाइंडरकाका उठतच नाहीयेत... हलवलं मी... डोकं जड झालंय."

बावीस वर्षांपूर्वीची बाई पुन्हा लाइनवर आली होती.

"शेगडी कुठाय?" त्या ओरडल्या. "शेगडी आत आहे का? ऐक, दाराकडे जा! उभी राहू नकोस, रांगत जा! दार उघड!"

"झोप येतेय हो..."

"झोपायचं नाही! तुला माझी शपथ आहे, झोपायचं नाही! बोल माझ्याशी! हॅलो!"

काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. बहुधा फोन पडला होता. नंतर काहीच नाही.

लाइन चालू होती. हॅलोबाईंनी ती तोडली नाही. रिसीव्हर डाव्या कानाशी खांद्यानं दाबून धरला आणि लेकीनं दिलेला मोबाइल उजव्या हातात घेऊन अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर लावला. दोन कानांना दोन लाइनी, आणि आवाज कसा कोण जाणे, ड्युटीवरचा निघाला. "कोळशाच्या वायूची बाधा. दोन माणसं, एक म्हातारा, एक मुलगी. बेशुद्ध. प्राणवायू घेऊन या."

"पत्ता?" पलीकडचा तरुण आवाज म्हणाला.

पत्ता! एकोणतीस वर्षं त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला आधी हेच विचारलं होतं, आणि आज त्यांच्यापाशी घर नंबर नव्हता. त्यांनी आपल्या इमारतीचं नाव सांगितलं, मागची गल्ली सांगितली, इस्त्रीवाल्याची टपरी सांगितली. तरुण म्हणाला, "बाई, तुम्ही स्वतः पाहिलंय का? नक्की काय झालंय?"

"मी ऐकलंय," हॅलोबाई म्हणाल्या. "बाळा, मी तुझ्याच खुर्चीत बसायचे. गाडी काढ."

तरुण म्हणाला, "काढतो. पण धुकं फार आहे. वीस मिनिटं तरी लागतील."

वीस मिनिटं त्या दोघांपाशी नव्हती. खिडकी उघडून त्या जिवाच्या आकांतानं ओरडल्या. खाली धुक्यात एक सायकल थांबल्यासारखी वाटली, मग पुढे गेली. मागच्या गल्लीपर्यंत त्यांचा आवाज पोचणं शक्य नव्हतं. इस्त्रीवाल्याचा नंबर त्यांच्याकडे नव्हता, त्याला कधी फोन करायची वेळच आली नव्हती, टोपली होती ना.

रिसीव्हर त्यांनी टेबलावर उताणा ठेवला, जागेवर नाही. आणि दार उघडलं.

समोर जिना. त्रेचाळीस पायऱ्या, त्यांनी पूर्वी रोज उतरताना मोजलेल्या. कठड्याला हात लावला तर लोखंड बर्फासारखं गार आणि दवानं ओलं. पहिल्या चार पायऱ्या त्या उतरल्या, पाचवीवर पाय उचलेना. मोडलेलं मनगट आपोआप छातीशी गेलं. त्यांना वाटलं, आपण इथंच उभ्या राहणार, आणि खाली ती झोपून जाणार, आणि दुपारी कोणीतरी कोणालातरी फोन जोडून देणार.

मग हॅलोबाई खाली बसल्या. बसूनच, लहान मूल उतरतं तसं, एकेक पायरी सरकत उतरायला लागल्या. साडी ओली झाली, सपाता मागेच राहिल्या. दुसऱ्या वळणाला डोळे मिटून घेतले. तोंडानं एकच चाललं होतं, "झोपू नकोस गं, झोपू नकोस." दुसऱ्या मजल्याचं दार बंद, पहिल्याचं बंद. तळाशी पोचून त्या भिंतीला धरून उठल्या आणि अनवाणी धुक्यात शिरल्या.

चौदा महिन्यांत रस्ता बदलला होता, की धुक्यानं बदलवला होता, कळेना. हाताला लागेल ती भिंत धरून त्या चालल्या. कोपऱ्यावर गटाराच्या झाकणावर अंगठा ठेचकाळला. वळल्या आणि धुक्यात तांबडा ठिपका दिसला. इस्त्रीवाल्याच्या इस्त्रीतले निखारे.

"काकू? तुम्ही? खाली?" इस्त्रीवाला भूत बघितल्यासारखा बघत राहिला.

"बाइंडरचं दार! मुलगी आत आहे! फोड!"

शेजारीच तर दार होतं. ओट्यावर शेगडी नव्हती, फक्त राखेचं एक गोल वर्तुळ होतं. इस्त्रीवाल्यानं दार ढकललं. ते बोटभर हललं आणि अडलं. फटीला लावलेल्या गोधडीचा बोळा उंबऱ्याशी आतून अडकला होता आणि त्यात आणखी काहीतरी जड आडवं पडलं होतं.

"आत गेलास की श्वास घ्यायचा नाही," हॅलोबाईंनी त्याचा दंड घट्ट धरला. "बाहेरच छाती भरून घे. आधी खिडकी."

इस्त्रीवाल्यानं इस्त्री उचलली आणि निखाऱ्यांसकट खिडकीवर हाणली. काच फुटली, पण पडली नाही. बाइंडरच्या पट्ट्यांनी तुकडे जागच्या जागी धरून ठेवले होते, इतकं काम चोख. दुसऱ्या घावाला त्या लोंबल्या आणि भोक पडलं. मग त्यानं खांद्यानं दार रेटलं, आणि फटीतून हॅलोबाईंना लोकरीची टोपी दिसली. दाराला अडलेलं जड काहीतरी म्हणजे मुलगीच होती. ती रांगत दारापर्यंत आली होती.

इस्त्रीवाला आत घुसला, तिला उलटी ओढून बाजूला केली, दार सताड उघडलं. हॅलोबाईंनी उंबऱ्याबाहेरून तिच्या काखेत हात घातले आणि ओढलं. मोडून जुळलेलं मनगट कळवळलं, पण हात सुटले नाहीत. पोरीचं डोकं त्यांच्या मांडीवर आलं. गाल गुलाबी होते, झोपल्यासारखे, आणि तेच सगळ्यात भयंकर होतं. इस्त्रीवाला बाहेर येऊन श्वास घेऊन पुन्हा आत गेला आणि म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन आला.

लोकांच्या धुतलेल्या कपड्यांची गाठोडी सोडून त्यांनी दोघांना गल्लीत निजवलं. हॅलोबाई मुलीच्या गालावर चापट्या मारत राहिल्या. "बोल. साडेआठ, बोल माझ्याशी. किती वाजले सांग." तिची छाती हलत होती की धुकं हलत होतं, ते त्यांना कळत नव्हतं. ते कळेपर्यंतची दोन-तीन मिनिटं त्यांना नवरा गेला त्या सकाळपेक्षाही लांब वाटली. मग मुलगी कुशीवर होऊन ओकली आणि रडायला लागली.

इस्त्रीवाला भिंतीशी बसला होता. त्याचे हात भाजले होते. "कोळसे मीच दिले हो," तो म्हणत होता. "काल संध्याकाळी इस्त्री आवरताना उरलेले दिले. रोज देतो. म्हणाले, गल्लीत ऊब वाया जाते."

हॅलोबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघं गाडीची वाट बघत राहिली.

गाडी आली ती बावीस मिनिटांनी. हॅलोबाई तशाच ओल्या साडीनं तिच्यात बसल्या. ज्या इस्पितळात त्या उतरल्या तिथं त्यांनी एकोणतीस वर्षं काढली होती, आणि सात नंबर त्या पहिल्यांदाच डोळ्यांनी बघत होत्या. कोणी कण्हत होतं, कोणी कोणाला हाका मारत होतं, स्ट्रेचरची चाकं करकरत होती. सगळे आवाज ओळखीचे, फक्त आता प्रत्येकाला चेहरा होता. त्या बाकावर बसून कापत राहिल्या. मुलीची आई धावत आली, आणि सरांना बघताच तिचा तोल सुटला. "एकटीला कसं जाऊ दिलंत? दहा गुणांसाठी?" सर मान खाली घालून उभे राहिले. मग ती हॅलोबाईंकडे वळली. "आणि तुम्ही कोण?"

"मी तिच्या यादीतली," हॅलोबाई म्हणाल्या.

मुलीला तीन दिवस प्राणवायूवर ठेवलं. बाइंडर रात्रभर त्या खोलीत होते. ते अकरा दिवस जगले, पण पुरते शुद्धीवर आले नाहीत. शेवटच्या दिवसांत त्यांची बोटं चादरीची कड दुमडत राहायची, कोपरा नीट जुळेपर्यंत. नवी विजेची शेगडी कॉलेजच्या कपाटात येऊन पडली होती. सोमवारी द्यायची ठरली होती.

इस्पितळात तिसऱ्या दिवशी हॅलोबाईंनी मुलीला बावीस वर्षांपूर्वीचा फोन सांगितला. सगळा, "थांबा हं" म्हणाल्या त्यासकट. मुलगी छताकडे बघत ऐकत राहिली. एरवी तोंडाची टकळी थांबायची नाही, आज तीही घाबरलेली होती. दार लोटलं की दचकायची.

"त्या बाईंचं नाव काय होतं?" तिनं विचारलं.

"मी विचारलंच नाही गं."

मुलीनं आपली गार बोटं त्यांच्या हातावर ठेवली. "मी त्यांना नाही सोडून गेले काकू. म्हणजे बाइंडरकाकांना. आधी त्यांना ओढायला बघितलं. नाही जमलं."

"मला ठाऊक आहे."

"ठाऊक कसं?"

"तू दाराशी उशिरा पोचलीस ना, नाहीतर बाहेर पडली असतीस," हॅलोबाई म्हणाल्या, आणि तिच्या अंगावरची चादर वर ओढली.

कॉलेजनं काम बंद करायचं ठरवलं होतं. सर स्वतः हॅलोबाईंना ते सांगायला आले, आणि चांगला तासभर बोलणी खाऊन गेले. काम चालू राहिलं. नेहमी दोघं-दोघं, शेगडी आत दिसली तर घरात पाऊल टाकायच्या आधी खिडकी उघडायची. आणि मुलं निघायच्या आधी, पावणेआठपासून, यादीतल्या चौदा घरी एकेक फोन जाणार. तो करायचं काम हॅलोबाईंनी मागून घेतलं.

त्या काही धीट झाल्या नाहीत. जिना अजूनही त्या बसून उतरतात, तेही आठवड्यातून एकदा, मुलीचा हात धरून. फोन करताना तर जीव मुठीत असतो. पलीकडे घंटी वाजत राहते आणि त्या मोजतात. एक, दोन, तीन. चौथ्या घंटीला दुसरा फोन हातात घेतलेला असतो. परवा एका निवृत्त मास्तरांच्या घरी अकरा घंट्या झाल्या, कोणी उचलेना. हॅलोबाईंनी दुसऱ्या फोनवरून दोन मुलं धावत पाठवली, इस्त्रीवाल्याचा आता लिहून ठेवलेला नंबर फिरवला, अ‍ॅम्ब्युलन्सचे आकडे दाबायला घेतले, तेवढ्यात बाराव्या घंटीला मास्तर आले. अंगावरून पाणी निथळत असावं, तसे खेकसले.

"अहो बाई, माणसानं आंघोळ करावी की नाही?"

"करा की," हॅलोबाई म्हणाल्या. "पण आधी सांगून करा." फोन ठेवून त्यांनी वहीत मास्तरांपुढे खूण केली. मग पुढचा नंबर लावला.